कातडीखालचं बटण

दाजी नक्की कोणाचे दाजी, हे आता गल्लीत कोणी विचारत नाही. खरं तर ते एकाच माणसाचे दाजी, त्यांच्या मेहुण्याचे. सोफे आणि गाद्या बनवायचं दुकान दोघांनी मिळून काढलं, तेव्हा मेहुणा दिवसभर "दाजी, कात्री कुठंय?", "दाजी, गिऱ्हाईक आलंय," असा ओरडत असायचा. समोरच्या चष्मेवाल्याने ते उचललं, मग गिऱ्हाइकांनी, मग पोस्टमनने. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना दाजीच म्हणू लागली. ताई, म्हणजे दाजींची बायको आणि मेहुण्याची थोरली बहीण, एकदा म्हणाली होती, "माझ्या माहेरी एवढे भाऊ आहेत, हे मलाच माहीत नव्हतं."

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे कापडाचे तागे, मागे लाकडी सांगाडे, आणि मध्ये दोघांची कामाची जागा. सांगाडा, स्प्रिंगा आणि फोम मेहुण्याकडे. कापड चढवणं आणि बटणं लावणं दाजींकडे. पाठीला खोल खोल बटणं असलेले जाड सोफे असतात ना, ते दाजींचं खरं काम. वीतभर लांबीची सुई घ्यायची, बटणाचा दोरा सोफ्याच्या पाठीतून आरपार न्यायचा, ओढून सांगाड्याला गाठ मारायची. कापडाला मग अशी छान खळी पडते.

हे झालं सगळेच करतात तसं. पण गाठ मारल्यावर दाजी एक गोष्ट करायचे, ती दुसरं कोणी करत नसे. डाव्या हाताच्या चिमटीत बटण धरायचं, अर्धा वेढा फिरवायचं आणि सोडून द्यायचं. आपोआप गिरकी घेऊन जागेवर आलं, तर दोरा ताठ. फिरवलं तिथंच राहिलं, तर ढिलं. मग गाठ कापायची आणि पुन्हा ओवायचं.

"दाजी, गिऱ्हाईक काय बटणं फिरवत बसणार आहे का?" मेहुणा वैतागायचा.

"गिऱ्हाइकाची पोरं फिरवतात," दाजी म्हणायचे.

होता होता ती सवय बोटांत भिनली. कोणाकडे गेले तरी चहा येईपर्यंत त्या घरच्या सोफ्याची पाठ तपासून झालेली असायची. तोंडाने बोलणं चालू, नजर यजमानांच्या चेहऱ्यावर, आणि डावा हात मागे आपलं काम करतोय. दाजींना विचारलं तर ते शपथेवर सांगतील की आपण मुकाट्याने बसलो होतो. ताई मात्र बाहेर पडल्यावर सांगायची, "चार ढिली होती, नाही का? तुमच्या तोंडावरून कळलं मला."

गेल्या वर्षी दाजींच्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ काढली. तरी मागे बारीकसारीक काही राहू नये म्हणून डॉक्टरांनी केमोचे डोस सांगितले, दर पंधरवड्याला एक. "वेळच्या वेळी घ्यायचे, मध्ये खंड पडू द्यायचा नाही," असं त्यांनी बजावलं आणि ताईने मनाशी खूणगाठ बांधली.

सुरुवातीचे डोस हाताच्या शिरेतून दिले. औषध आत जाताना कोपरापासून वर निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची. एका हाताची शीर वाळलेल्या दोरीसारखी कडक होऊन बसली. दुसऱ्या हाताची तर सुई बघूनच गडप व्हायची. डोस देणाऱ्या सिस्टर हात चोळायच्या, गरम पाण्याची पिशवी ठेवायच्या, टिचक्या मारायच्या, पण शीर काही वर येईना.

"माझ्यावर गेलीय," दाजी म्हणाले. "चारचौघांत यायला लाजते."

सिस्टर हसल्या, पण डॉक्टरांना म्हणाल्या की आता हातावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून मग पोर्ट बसवायचं ठरलं. पोर्ट म्हणजे बटणाएवढी गोल डबी. वर रबराचा पडदा, खाली टणक पाठ, आणि बाजूने निघालेली बारीक नळी. उजव्या खांद्याच्या पुढच्या हाडाखाली कातडीत एक कप्पा करून डबी त्यात ठेवतात आणि नळी काळजाजवळच्या मोठ्या शिरेत सोडतात. मग डोसच्या दिवशी हातावर शीर शोधायला नको. कातडीवरून रबरात सुई टोचली की काम झालं. आधी थोडं रक्त ओढून बघायचं, ते आलं म्हणजे वाट मोकळी, आणि मगच औषध सोडायचं. हे औषध शिरेबाहेर सांडलं तर आतलं मांस भाजतं, म्हणून रक्त दिसल्याशिवाय सिस्टर पुढे जात नसत.

दाजींना ती डबी आवडली. घरी आल्यावर आरशात बघून ते ताईला म्हणाले, "बघ, मलाही एक बटण लावलं."

"आता तुम्हाला उशाला घेऊन झोपायला हरकत नाही," ताई म्हणाली.

पोर्टमधून पुढचे डोस सुरळीत पार पडले. दाजींचं वजन मात्र उतरलं. सदरे अंगावर लोंबायला लागले, गळ्याजवळची कातडी सैल झाली. घरात बसून कंटाळा आला तेव्हा, काही जड उचलणार नाही असं वचन देऊन ते दुकानात जाऊन बसू लागले. मेहुण्याने त्यांच्यासाठी खुर्चीवर दोन उशा टाकल्या आणि कापलेलं कापड मोजण्यापलीकडे कशालाही हात लावू दिला नाही. बटणंसुद्धा तोच लावायचा आणि दाजी बघत बसायचे. बघत बसणं हे दाजींना डोसपेक्षा जड जायचं.

आणि मग तो दिवस उजाडला. डोसच्या खोलीत खिडकीजवळची आरामखुर्ची मिळाली होती, त्यामुळे ताई खुशीत होती. सिस्टरनी कातडी पुसली, दोन बोटांत डबी धरली, "श्वास घ्या, दाजी," म्हणाल्या आणि सुई टोचली.

टक्.

रबरात सुई शिरते तेव्हा आवाज येत नाही, नुसतं खोल दाबल्यासारखं वाटतं. ही सुई कशावर तरी आपटली होती. सिस्टरनी ती काढली, नवीन घेतली, जरा बाजूला टोचली. पुन्हा टक्. त्यांनी बोटांनी डबी चाचपली, थांबल्या, परत चाचपली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूच मावळलं.

"आज नको," त्या म्हणाल्या. "मी डॉक्टरांशी बोलते."

"नको म्हणजे?" ताई उठलीच. "डोस चुकवायचा नाही असं डॉक्टरांनीच सांगितलंय."

"ताई, सुई आत जात नाहीये. जबरदस्ती नाही करता येत."

डॉक्टर आले, त्यांनीही चाचपलं आणि एक्स-रे काढायला सांगितला. दाजींनी विचारलं, "हे बंद पडलं तर हातातून देता येईल ना?" डॉक्टरांनी त्यांचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले आणि "आपण आधी एक्स-रे बघू," एवढंच म्हणाले. हो नाही, नाहीही नाही, असं उत्तर गिऱ्हाइकाला कधी द्यायचं असतं, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं.

एक्स-रेची वाट बघताना ताईचं डोकं जोरात चालू होतं. परवाच ती डबा द्यायला दुकानात गेली, तेव्हा एक तीन माणसांचा सोफा दारातून बाहेर काढत होते. एका टोकाला मेहुणा, दुसऱ्या टोकाला टेम्पोवाला, आणि मध्ये? मध्ये दाजींचा हात! तिने तिथल्या तिथे मेहुण्याला फोन लावला.

"तू यांना सोफा उचलायला लावलास?"

"मी? ताई, काय बोलतेस? दाजींनी नुसता हात लावला होता, दाराला घासू नये म्हणून."

"नुसता हात! पोर्ट मोडलंय आतमध्ये. डोस बंद झालाय आजचा, कळतंय का तुला?"

"अगं, पण..."

"माझ्या नवऱ्याला तुझ्या भरवशावर सोडलं हीच माझी चूक. आता बोलू नकोस माझ्याशी."

फोन बंद. दाजी म्हणाले, "अगं, त्याची काही चूक नाही. मी खरंच उचललं नव्हतं."

"तुम्ही त्याचीच बाजू घेणार. आयुष्यभर तेच केलंत."

दाजी मनात ताळा करत बसले. उचललं नव्हतं हे खरं, पण डबी बिघडली हेही खरं. मग बिघडली कशाने? आपलं शरीरच ती ढकलून देत असेल का? आत काही नवीन वाढतंय का? हा विचार त्यांनी ताईला बोलून दाखवला नाही, आणि ताईच्याही मनात तोच होता म्हणून ती भावावर एवढी ओरडली, हे दाजींना कळत होतं.

पोर्ट बसवणाऱ्या सर्जनबाईंच्या खोलीत त्यांना पाठवलं. बाई शांत स्वभावाच्या, केस आखूड, बोलणं मोजकं. त्यांच्या खोलीत पेशंटसाठी जुना जाड सोफा होता, कोणीतरी घरचा आणून ठेवल्यासारखा. त्यांनी एक्स-रे उजेडावर लावला.

"नळी जागेवर आहे. मोडलेलं काही नाही. पण डबी पालथी पडलीय. रबर आत गेलंय आणि पाठ वर आलीय. सुई पाठीवर आपटतेय." मग वळून म्हणाल्या, "पडला होता का कुठे?"

"नाही," दाजी म्हणाले.

"सोफा उचलला," ताई म्हणाली.

"उचलला नाही, हात लावला."

"उचलल्याने सहसा असं उलटत नाही," बाई म्हणाल्या. "वजन उतरलं की कातडीखालचा कप्पा सैल होतो, तिथे जागा होते, हे एक कारण. पण तरी कोणीतरी फिरवल्याशिवाय..." त्या बोलता बोलता थांबल्या. "तुम्ही काय करताय?"

"मी? काही नाही. बसलोय," दाजी म्हणाले.

"तो डावा हात."

दाजींनी वळून बघितलं. त्यांचा डावा हात सोफ्याच्या पाठीवर होता आणि चिमटीत एक बटण होतं.

"हां, हे होय. ही ढिली आहेत तुमची. वरची रांग सगळीच. फिरवलं की तिथंच राहतं, बघा. परत यायला पाहिजे."

"तुमचा धंदा हाच का?"

"हो ना. सोफे, गाद्या. चाळीस वर्षं झाली. हाताला सवय झालीय, आपलं आपण होतं."

बाईंनी खुर्ची जरा पुढे ओढली. आवाज अगदी साधा ठेवून त्यांनी विचारलं, "आणि दाजी, हे तुमच्या खांद्याखालचं? तेही ढिलं वाटतं का?"

"वाटतं ना!" दाजी उत्साहाने म्हणाले. "पहिल्यापासूनच. मी म्हटलं नाही तुम्हाला, तुमचं काम तुम्हाला माहीत. पण फिरवलं की तिथंच राहतं ते. कितीही वेळा फिरवा, परत म्हणून..."

वाक्य तिथेच लटकलं. दाजींनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता आणि चुकून त्यांच्या खांद्याला लागला होता.

ताईच्या डोळ्यांपुढे सगळ्या संध्याकाळी उभ्या राहिल्या. टीव्हीवर बातम्या चालू, दाजी पाय पसरून बसलेले, आणि डावा हात सदऱ्याच्या गळ्यातून आत. तिला वाटायचं, टाके खाजतात. एकदा तिने पावडरही आणून दिली होती.

"म्हणजे मी..." दाजी म्हणाले.

"तुम्हीच," बाई म्हणाल्या. त्या हसू दाबत होत्या आणि ते नीट जमत नव्हतं. "असं होतं. नकळत फिरवत राहतात माणसं, आणि सैल कप्प्यात डबी कलंडते. तुम्ही जरा तपासून फिरवलंत, एवढंच."

"मग आत नवीन काही वाढलेलं नाही?" दाजींनी शेवटी विचारलंच.

"काही नाही. कातडी उघडून डबी सुलटी करते आणि या वेळी खालच्या स्नायूला टाके घालून पक्की बसवते. जागा नुसती बधिर करून होईल. सूज उतरली की डोस."

ताई एकदम म्हणाली, "आणि मी त्याला काय काय बोलले!" आणि हसता हसता तिला रडू आलं, की रडता रडता हसू, ते तिलाही सांगता आलं नसतं. बाहेर आल्यावर तिने भावाला फोन लावला. भावाने पहिल्या घंटेला उचलला.

"बोल. अजून काही राहिलंय का?"

"अरे, सोफ्याने नाही झालं. यांनी बटण समजून फिरवलं."

पलीकडून मेहुण्याच्या हसण्याचा असा धबधबा कोसळला की ताईने फोन कानापासून लांब धरला.

"हसून झालं का? मग ऐक. मी जे बोलले ते..."

"राहू दे, ताई. आधी दाजींचा हात कशाला तरी बांध."

दुसऱ्या दिवशी दाजींना टेबलावर घेतलं. जागा बधिर होती, पण कान शाबूत होते. पडद्याआडून त्यांनी विचारलं, "बाई, टाके किती घालणार?"

"लागतील तेवढे."

"चारी बाजूंनी घातले तर..."

"दाजी, हे दुकान माझं आहे."

कोणीतरी मागे खुदकन हसलं. डबी सुलटी करून बसवल्यावर बाईंनी तिथेच रक्त ओढून बघितलं. आलं. "झालं," त्या म्हणाल्या, आणि दाजींना वाटलं, सुटलो.

पण सुटका अजून बाकी होती. सूज उतरल्यावर डोसचा दिवस ठरला. यावेळी खिडकीजवळची खुर्ची मिळाली नाही, दाराजवळची मिळाली. ताईला तोच अपशकुन वाटला, पण ती बोलली नाही. सिस्टरनी सुई टोचली. टक् झालं नाही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सिस्टरनी सलाईनचं पाणी आत सोडलं, तेही गेलं, पण जरा जड गेलं. मग त्यांनी रक्त ओढलं. आलं नाही.

"हात वर करा, दाजी."

हात वर केला. नाही.

"मान तिकडे वळवा. आता खोका. जोरात."

दाजी एवढ्या जोरात खोकले की पलीकडच्या खुर्चीतल्या आजी दचकून जाग्या झाल्या. "झोपले होते मी," त्या म्हणाल्या.

"माफ करा, आजी, रक्त काढतोय."

"खोकून?"

रक्त काही आलं नाही. सिस्टर म्हणाल्या, "नळीच्या तोंडाशी गुठळी धरली असेल. आत पाणी जातंय पण बाहेर काही येत नाहीये. ती विरघळवायचं औषध सोडते. तासभर ते आत राहू द्यायचं, मग बघू."

"आणि नाही विरघळली तर?" ताईने विचारलं.

"मग एकदा परत औषध सोडून बघता येतं."

"आणि मग?"

सिस्टरनी खरं काय ते सांगितलं. "मग हे काढावं लागेल, ताई. दुसऱ्या बाजूला नवीन बसवायचं. म्हणजे डोस आणखी लांबणार. पण तिथपर्यंत आत्ताच नका जाऊ."

औषध आत सोडून सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. दाजी मागे रेलून छताकडे बघत राहिले. आधीच एक डोस लांबला होता. त्यांच्या डाव्या हाताची बोटं आपोआप हलू लागली. ताईने ते बघितलं आणि तो हात धरून स्वतःच्या मांडीवर घट्ट दाबून ठेवला.

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. हा हात आता माझ्या ताब्यात. तुमच्यावर माझा भरवसा नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत तिने कधी त्यांचा हात धरला नव्हता. दाजींना कसंनुसं झालं. थोड्या वेळाने मात्र बरं वाटायला लागलं, पण तसं त्यांनी दाखवलं नाही.

तेवढ्यात दारात मेहुणा उभा. एका पेशंटबरोबर एकच माणूस असा नियम असल्यामुळे तो उंबऱ्याबाहेर पाय ठेवून फक्त मान आत घालत होता.

"चालू झालं?"

"नाही रे. रक्त येत नाहीये," ताई म्हणाली. तिच्या आवाजात त्या दिवशीचा राग कुठेच नव्हता. भावाला बघताच डोळे भरले, एवढंच.

मेहुण्याच्या तोंडावर थट्टा तयार होती, ती त्याने गिळली. "येईल, ताई. दाजींकडून काहीही लवकर निघत नाही. भागीदार आहे मी, मला माहीतंय."

"चहा घेऊन ये तिला," दाजी म्हणाले. "सकाळपासून काही घेतलं नाही तिने."

तो चहा आणायला गेला. तासाभराचा एवढा मोठा तास तिघांनी कधी बघितला नव्हता. शेजारच्या आजींचा डोस संपला, त्यांची सून आली, जाताना आजींनी दाजींच्या खांद्याकडे बघून विचारलं, "आलं का?" दाजींनी नाही अशी मान हलवली. "येईल," म्हणून आजी गेल्या.

सिस्टर आल्या. हातमोजे चढवले, छोटी पिचकारी जोडली. ताईने डोळे मिटून घेतले, पण हात सोडला नाही. सिस्टरनी दट्ट्या हलकेच मागे ओढला. आधी नुसतं पाणी. मग पाण्यात एक फिका गुलाबी धागा. मग एकदम गडद लाल रक्त भरभर पिचकारीत उतरलं.

"आलं!" सिस्टरच ओरडल्या, ताईपेक्षाही जोरात.

ताईने डोळे उघडले. स्वतःच्या नवऱ्याचं रक्त बघून एवढा आनंद कोणाला झाला नसेल. दारातून मेहुण्याने दोन्ही मुठी वर केल्या, त्यातल्या एका मुठीत चहाचा कप होता, आणि अर्धा चहा त्याच्याच सदऱ्यावर सांडला.

सिस्टरनी नळी धुतली, औषधाची पिशवी टांगली, थेंब चालू केले. ना आग, ना टोचणी. थेंब आपले एकामागून एक पडत राहिले. दाजींनी थोडा वेळ ते बघितले. ताई काहीतरी सांगत होती, की संध्याकाळी मऊ भातच करते, की भावालाही जेवायला बोलावलंय. "हं," असं दाजी दोनदा म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

ताईने वाकून बघितलं. दाजींना झोप लागली होती. इतक्या डोसांमध्ये ते एकदाही झोपले नव्हते, प्रत्येक वेळी पिशवी रिकामी होईपर्यंत टक्क जागे. आज तोंड किंचित उघडं होतं आणि घोरण्याचा पहिला सूर लागत होता. समोरच्या खुर्चीतल्या पेशंटने वर बघितलं.

"उठवू का?" ताईने सिस्टरना हळूच विचारलं.

"नका हो," सिस्टर म्हणाल्या. "घोरू देत."